तारेची पावती

ज्यांचं ऋण इथे मांडायला बसले आहे त्यांनी आपलं नाव छापू दिलं नसतं. वकिलाचं नाव वकालतनाम्यावर असावं, बाकी कुठे असायचं कारण नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून इथेही ते नुसते काका. रायपूरच्या तात्यापाऱ्यातले आमचे शेजारी, वडिलांचे पत्त्यांतले भिडू आणि तिथल्याच कचहरीत आयुष्यभर फौजदारी केसेस चालवलेले वकील.

रायपूरचे मराठी लोक म्हटलं की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना थोडी गंमत वाटते. ‘तिकडे कसे गेलात तुम्ही?’ हा प्रश्न अजूनही लग्नाच्या मांडवात हमखास होतो. नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगडवर होतं, बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत, तेव्हापासून कारकून, पुजारी, शिक्षक आणि वकील अशी आमची माणसं इथे झिरपत आली. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी. काकांच्या तोंडी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात येत आणि वर नागपुरी हेल. ‘काय लिहून राहिलीस? पेशी कधीची आहे ते आधी बघ ना.’

छत्तीसगड वेगळं राज्य व्हायच्या आधीची गोष्ट. हायकोर्ट तेव्हा जबलपूरला होतं. मी नुकतीच सनद घेतली होती आणि मुलींनी दिवाणी कामं करावीत, फौजदारीत पडू नये, असं सगळे सांगत होते. काकांनी काही सांगितलं नाही. एक खुर्ची दाखवली आणि आपल्या कारकुनाला, मुंशीजींना, म्हणाले, ‘इसको पहले थाना दिखाओ, कोर्ट बाद में.’

मुंशीजी धमतरीकडचे. मला ते ‘नोनी’ म्हणत; आपल्याकडे पोरी म्हणतात तसं. कायद्याचं एकही पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं, पण कोणत्या थाण्यातला मुहर्रीर, म्हणजे लेखनिक, रोजनामचा सान्हा ही थाण्याची दैनंदिनी दुपारी भरतो आणि कोणत्या थाण्यात ती दोन दिवसांनी एकदम भरली जाते, हे त्यांना पाठ होतं. माझं फौजदारी कायद्याचं शिक्षण त्या माहितीपासून सुरू झालं.

काकांच्या ऑफिसात भिंतीवर देवाची तसबीर नव्हती, माधवराव सप्र्यांचा फोटो होता. सप्रे आम्हा रायपूरकरांचे. 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढला, पुढे नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवला, ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. टिळकांना शिक्षा झाली 22 जुलै 1908 रोजी. बरोबर महिन्याने, 22 ऑगस्टला, सप्र्यांना राजद्रोहाच्या त्याच 124अ कलमाखाली अटक झाली. थोरल्या भावाच्या हट्टापुढे त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि नोव्हेंबरात सुटले. त्या माफीचा सल त्यांना पुढे फार लागला. ते रामदासी मठात जाऊन राहिले, रायपुरात परतून मुलींची शाळा काढली आणि 1926 साली इथेच गेले.

एकदा ऑफिसात आलेल्या कुणीतरी हसत म्हटलं, ‘यांनी तर माफी मागितली होती ना?’ काका क्वचितच चिडत, त्या दिवशी चिडले. ‘कोठडीतल्या माणसाच्या सहीवर बाहेरच्याने मत देऊ नये,’ म्हणाले. ‘सही कुठे घेतली, किती दिवसांनी घेतली, जवळ कोण होतं, एवढं विचार. मग हस.’ तो फोटो भिंतीवर का आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतरांनी सप्रे देशभक्त म्हणून लावले असते. काकांच्या लेखी ते त्यांचे पक्षकार होते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

थंडीतला रविवार. आरंगकडची एक बाई सकाळीच तात्यापाऱ्यात येऊन पायरीवर बसली होती. मुलगा सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात ठेकेदाराकडे मजूर. तांब्याची तार चोरीला गेल्याच्या संशयावरून त्याला आदल्या दिवशी घरून उचललं होतं. काकांनी चोरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, ‘कतका बजे धरिन?’ किती वाजता धरलं?

‘संझा,’ बाई म्हणाली.

काकांना तेवढं पुरलं नाही. घरी घड्याळ नव्हतं. चूल पेटली होती का? नाही. दिवा? नाही. मग गावात काय चाललं होतं? बाईने डोळे मिटले आणि सांगितलं, राऊत गुरं घेऊन परतत होता, आमची गाय दारात आली होती आणि मी तिला बांधत होते. काकांनी कॅलेंडरावर सूर्यास्त पाहिला आणि कागदावर लिहिलं: शनिवार, सायंकाळी अंदाजे साडेपाच. नेणाऱ्यांत एकजण वर्दीत होता, दोन साधे. जीप होती. एवढं झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘चल, तार कर.’

तारेला प्रत्येक शब्दाचे पैसे पडत, त्यामुळे काकांची तार म्हणजे वकिली भाषेचा अर्क असायची. कोणाला नेलं, कुठून नेलं, किती वाजता, कोणी, आणि अजून कोर्टात हजर केलेलं नाही. बस. एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना, एक कलेक्टरांना, एक मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना. मी तारघरातून तीन पावत्या घेऊन आले. काकांनी त्या पावत्यांवरच्या शिक्क्यातली वेळ वाचली, सकाळचे दहा वाजून गेलेले, आणि त्या पाकिटात ठेवल्या. तार पोचून कोणी काही करेल अशी त्यांची समजूत नव्हतीच. त्यांना हवा होता तो शिक्का.

सोमवारी दुपारी मुलाला हजर केलं. कागदावर अटक सोमवारी सकाळी आठची, बसस्टँडवरून. संविधानाच्या बाविसाव्या कलमात चोवीस तास दिलेत, इथे सहा तासांत हजर केलंय. कागद अगदी नियमात. काका उठले. म्हणाले, ‘हुजूर, सोमवारी सकाळी आठला जो पकडला गेला, त्याच्या पकडल्याची तार त्याच्या आईने रविवारी सकाळी दहाला कशी केली, एवढंच विचारायचं आहे.’ आणि पावती पुढे सरकवली.

एवढंच. ना आवाज चढवला, ना पोलिसांवर आरोप केला. दंडाधिकाऱ्यांनी पावती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि मुलाला विचारलं, मारहाण झाली का. तो खाली बघत राहिला. काका म्हणाले, ‘त्याला चार पावलं चालायला सांगा.’ तो चालला तेव्हा टाचा टेकवत नव्हता. मुलाहिज्याचा, म्हणजे वैद्यकीय तपासणीचा, हुकूम झाला. डॉक्टरांच्या कागदावर दोन्ही तळव्यांना सूज असल्याची नोंद आली, आणि पोलीस कोठडीऐवजी मुलगा तुरुंगात गेला. कोणी तुरुंगात गेल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा झाला. वकिली ही अशी विचित्र गोष्ट आहे.

त्याच सुमारास, 18 डिसेंबर 1996 रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. बसू पश्चिम बंगालमधल्या कायदा मदत संस्थेचे. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी 1986 साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. निकालात अकरा सूचना होत्या. अटकेचा मेमो तिथल्या तिथे करायचा, त्यावर तारीख आणि वेळ घालायची, घरच्या किंवा वस्तीतल्या एका साक्षीदाराची सही घ्यायची, अटक झालेल्याचीही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासणी. काकांनी त्या अकरा सूचना हिंदीत टाइप करून घेतल्या, प्रत्येक पक्षकाराच्या हाती एक कागद द्यायचा नेम धरला. मला म्हणाले, ‘माझी तार आता दिल्लीवाल्यांनी कायद्यात घातली बघ.’ या माणसाने स्वतःची फुशारकी मारल्याचा तो एकमेव प्रसंग.

पण त्या मुलाचं पुढे काय झालं? जामीन मंजूर झाला आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. आमच्याकडे जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे ऋण पुस्तिका आहे तो. शेतकऱ्याच्या जमिनीचा आणि कर्जाचा हिशोब असलेली ती छोटी पुस्तिका कोर्टात दाखवायची, तिच्यावर जामिनाची नोंद चढते. बाईकडे जमीन नव्हती. हुकूम हातात असून मुलगा आतच.

काका अशा वेळी मोतीराम खटल्याची आठवण काढत. मध्य प्रदेशातला हा राजमिस्त्री. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांची हमी मागितली आणि भावाची हमी नाकारली, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. मोतीराम पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. गरिबाचा जामीन पैशाने मोजू नये, हे त्या निकालाचं सार. निकाल आमच्याच प्रांतातला. खालच्या कोर्टांनी त्याची सवय लावून घेतली नाही, हेही आमच्याच प्रांतातलं.

मुंशीजी सायकल बसच्या टपावर टाकून आरंगकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याला घेऊन आले. बाईशी त्याचं ना नातं, ना गोत. पुस्तिकेवर नोंद चढली की ती उतरेपर्यंत जीव टांगणीला. आरोपी पळाला तर रक्कम याच्या मानगुटीवर. मी त्याला विचारलं, तुम्ही का आलात? तो म्हणाला, ‘मुंशीजी कहिन त आ गेंव.’ मुंशीजी म्हणाले म्हणून आलो. मी माझ्या वकिलीच्या पायाशी कोण आहे असं विचाराल तर काकांच्या बरोबरीने त्या शेतकऱ्याला मोजते. मुलगा सुटला, खटला काही वर्षं चालला आणि तो पुराव्याअभावी निर्दोष ठरला. तार कोणी चोरली ते कधीच कळलं नाही.

पुढे राज्य झालं, हायकोर्ट बिलासपूरला आलं, आणि दक्षिणेत माओवादी आणि सरकार यांच्या संघर्षात बस्तर पेटलं. रायपूरच्या कचहरीत याचे पडसाद यायला लागले ते 2007 पासून. डॉ. बिनायक सेन यांना 14 मे 2007 रोजी बिलासपूरला अटक झाली. वेल्लोरला शिकलेला बालरोगतज्ज्ञ, दल्ली-राजहऱ्याच्या खाणमजुरांनी उभ्या केलेल्या शहीद हॉस्पिटलात सुरुवातीच्या काळात राबलेला, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचा पदाधिकारी. आरोप असा की रायपूरच्या तुरुंगात माओवादी नेते नारायण सन्याल यांना भेटून त्यांची पत्रं कोलकात्याचे व्यापारी पीयूष गुहा यांच्यापर्यंत पोचवली. भेटी तुरुंगाच्या परवानगीने झालेल्या, रजिस्टरात नोंदलेल्या. दोन वर्षांनी, मे 2009 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. 24 डिसेंबर 2010 रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोह आणि कट यांसाठी जन्मठेप सुनावली. सप्र्यांवर लागलं होतं तेच 124अ, शंभरावर वर्षांनी.

काकांचं वय झालं होतं, कोर्टात जाणं बंद होतं. त्यांनी निकालाची नकल मागवली आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसले. बाहेर देशभर चर्चा होती ती लोकशाहीची आणि नक्षलवादाची. काका एका ओळीवर अडले होते: गुहांना धरलं कुठे? खटल्यात पोलिसांचं म्हणणं, स्टेशन रोडवर. सर्वोच्च न्यायालयातल्या शपथपत्रात, महिंद्रा हॉटेलमध्ये. गुहा स्वतः सांगत होते की मला हॉटेलातून उचललं, आणि कागदावरच्या तारखेच्या काही दिवस आधी. न्यायालयाने तो फरक टंकलेखनाची चूक म्हणून सोडून दिला. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘रोड आणि हॉटेल यांच्यात टायपिंगची चूक होते होय?’ एवढंच म्हणाले आणि चहा मागितला. त्याच खटल्यात दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून सरकारी पक्षाने पाकिस्तानच्या गुप्तहेर खात्याचा संशय घेतला होता. त्यावर लोक खूप हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या मते तो विनोद होता, रोड आणि हॉटेलातला फरक ही मात्र जखम होती. पकडल्याची जागा आणि वेळ डळमळीत असेल तर तिथे सापडलेल्या पत्रांना काय अर्थ उरतो, हा त्यांचा साधा मुद्दा.

15 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेन यांना पुन्हा जामीन दिला. गांधींचं आत्मचरित्र घरात सापडलं म्हणून कोणी गांधीवादी ठरतो का, असं न्यायाधीशांनी सुनावणीत विचारल्याचं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं.

या काळात आमच्या बाररूममध्ये दोन तट पडले. ‘76 जवान मारले गेले तेव्हा मानवाधिकारवाले कुठे होते?’ हा प्रश्न मलाही तोंडावर विचारला गेला. एप्रिल 2010 मधल्या ताडमेटल्याच्या त्या माओवादी हल्ल्याचं दुःख खोटं नव्हतं. रायपूरच्या विमानतळावर शवपेट्या पाहिलेल्या शहराला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. त्याचं उत्तर मला काकांच्या पद्धतीतूनच सापडलं, पण ते पुराव्यासकट हाती आलं खूप नंतर.

24 एप्रिल 2017 रोजी सुकमा जिल्ह्यात बुरकापालजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 25 जवान मारले गेले. त्यानंतर आसपासच्या गावांतून शंभरावर आदिवासी उचलले गेले. खटला उभा राहायलाच वर्षं लागली. जुलै 2022 मध्ये दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयाने 121 जणांना निर्दोष सोडलं. घटनास्थळी ते हजर होते एवढंही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. पाच वर्षं. कोणाचं शेत गेलं, कोणाची आई गेली. पण मला यात दुसरी बाजूही तितकीच बोचते. त्या 25 जवानांच्या घरच्यांना काय मिळालं? ज्यांनी मारलं त्यांच्यापैकी या खटल्यात एकालाही शिक्षा झाली नाही. भलत्याच माणसाला धरून आत टाकलं की खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि फाइल मात्र भरलेली दिसते. आरोपीचे हक्क आणि फिर्यादीचा न्याय यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणारे लोक ही गोष्ट ध्यानात घेत नाहीत. अटकेचा मेमो खरा लिहिला गेला असता तर ते 121 जण घरी असते, आणि तपास करणाऱ्यांना उरलेला वेळ खऱ्या मारेकऱ्यांमागे घालवावा लागला असता.

काका हे पाहायला नव्हते. त्याच्या काही वर्षं आधी ते गेले. 2013 च्या जुलैमध्ये सरकारने तारसेवा बंद केली, तेव्हा मात्र होते. लोक आठवण म्हणून स्वतःलाच तारा करत होते. काकांना त्यात रस नव्हता. ‘आता गरिबाला वेळेचा शिक्का कुठे मिळणार?’ अशी त्यांची काळजी. मी म्हटलं, मोबाइल आहे ना काका, मेसेजला वेळ असते. ते म्हणाले, ‘ज्याला उचलतात त्याचा मोबाइलच आधी जप्त होतो ना, बाई.’

मुंशीजींनी त्यावर तोडगा काढला. मोबाइल आरोपीचा जातो, आईचा नाही. तेव्हापासून आमच्या ऑफिसात फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: थाण्यासमोर उभे राहा, फोटो काढा आणि पाठवा. बोलू नका, भांडू नका. आज मुंशीजी थकलेत, पण नव्या ज्युनियर मुलींना हा धडा तेच देतात.

कायदा म्हणाल तर तो काकांच्या बाजूने सरकला आहे, हे मान्य करायला हवं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थाण्याथाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं. मे 2022 मध्ये 124अ चा वापर थांबवला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण जवळपास त्याच आशयाचं 152 वं कलम आहे आणि ते वाचून काकांनी तांबडी पेन्सिल नक्की शोधली असती. मे 2024 मध्ये, प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात, यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याखालच्या अटकेतसुद्धा कारणं लेखी द्यावी लागतात असं न्यायालयाने बजावलं. जामीन होऊनही आत राहिलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश आहेत: सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट शिथिल करता येते का ते स्वतःहून पाहायचं. मोतीराम मिस्त्रीला हे चव्वेचाळीस वर्षं उशिरा मिळालं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर तो सुटू शकतो. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे त्यातून वगळलेत.

हे सगळं कागदावर आहे आणि कागद वाचून दाखवणारा कोणीतरी पायरीवर बसलेल्या बाईला लागतो. काकांनी मला तेवढंच शिकवलं. फी त्यांनी बहुतेकांकडून घेतली, फुकट काम करायचं त्यांना कौतुक नव्हतं. मात्र फी न देऊ शकणाऱ्याला ते ‘केस कमजोर आहे’ असं खोटं सांगत नसत. त्यांचं देणं मी फेडलं असं म्हणणार नाही. त्यांच्या पद्धतीने काम करते, एवढं खरं.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या गल्लीतल्या, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कोणाच्या घरातलं माणूस पोलिसांनी नेलं आणि ते लोक तुमच्या दारात आले, तर दोषी आहे की निर्दोष याची चौकशी करत बसू नका. किती वाजता नेलं ते घड्याळ पाहून लिहून ठेवा, अटकेच्या मेमोची प्रत मागायला सांगा आणि 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लावून द्या. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतला कोणताही माणूस यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.